टॉर्नेडोनंतरचा डॅमेज सर्वे: घर साफ उडालं म्हणजे ईएफ५ नाही, आणि अशाच बाकी चुका

३ मार्च २०२० ची रात्र. साडेबारा वाजून गेले होते, फोन बोंबलत होते, आम्ही तिघं बाथरूममध्ये गाद्या डोक्यावर घेऊन बसलेलो. टॉर्नेडो अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या आमच्या नॅशव्हिल शहरातून, मग डोनेल्सन, माउंट ज्युलिएट करत पूर्वेकडे निघून गेला, आमच्या घराला ओरखडाही नाही, पण थोड्या अंतरावरच्या एका गल्लीत अर्धी घरं नाहीत. सकाळी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटोंचा पाऊस, आणि त्याखाली मी छातीठोकपणे लिहिलं की हा शंभर टक्के ईएफ५ आहे (टॉर्नेडोला नुकसानीवरून देतात तो नंबर, ० ते ५, ५ म्हणजे सगळ्यात वाईट), पैज लावा. पैज कोणी लावली नाही म्हणून वाचलो. नॅशव्हिलचा ठरला ईएफ३, आणि त्याच ढगाने पुढे जाऊन कुकव्हिलजवळ जो सोडला तो ईएफ४, ज्यात एकट्या पुटनम काउंटीत १९ माणसं गेली. त्या रात्री एकूण २५.

तेव्हापासून हे सर्वे रिपोर्ट वाचायची सवयच लागली मला. दर वर्षी फेब्रुवारी-मार्च आला की त्याच चुका, तीच भांडणं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी एक छोटी गोष्ट. आपल्याकडच्या बातम्यांत टॉर्नेडोला सर्रास चक्रीवादळ लिहितात. चक्रीवादळ म्हणजे निसर्ग, तौक्ते, शेकडो किलोमीटर पसरलेलं, दोन दिवस आधी कळणारं. टॉर्नेडो म्हणजे काही मीटर ते फार तर तीन-चार किलोमीटर रुंद भोवरा, काही मिनिटांचा पाहुणा. दोन्हीची मोजमापं वेगळी, सर्वे वेगळा. टॉर्नेडोला टॉर्नेडोच म्हणा.

नंबर वादळाचा नसतो, मोडलेल्या वस्तूचा असतो

सगळ्यात मोठी चूक ही, आणि माझीही हीच होती. लोकांना वाटतं कोणीतरी वारा मोजला आणि त्यावरून ईएफ३ दिला. वारा जवळपास कधीच कोणी मोजलेला नसतो. यंत्र बरोबर त्या जागी नसतं, असलं तर तेही उडून जातं. मग नॅशनल वेदर सर्व्हिसची, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याची, माणसं दुसऱ्या दिवशी गावात फिरतात आणि काय मोडलंय ते बघून उलटा हिशोब करतात, की एवढं मोडायला वारा किती लागला असेल. शिकागो युनिव्हर्सिटीच्या टेड फुजिता यांनी १९७१ मध्ये ही पट्टी काढली, आणि तिची सुधारलेली आवृत्ती म्हणजे एन्हान्स्ड फुजिता, ईएफ, जी अमेरिकेत १ फेब्रुवारी २००७ पासून वापरात आहे. त्यात २८ प्रकारच्या वस्तू आहेत, साधं घर, मोबाइल होम, शाळा, मॉल, विजेचा खांब, झाडं वगैरे, आणि प्रत्येक वस्तूला मोडण्याच्या पायऱ्या.

घराचंच घ्या. छपरावरची थोडी शिंगल्स गेली तर अंदाज ताशी ७९ मैल. छपराचा मोठा भाग गेला पण भिंती उभ्या, तर १२२. सगळ्या भिंती आडव्या, तर १७०. आणि जोतं झाडून काढल्यासारखं साफ, तर २००, म्हणजे किलोमीटरमध्ये ३२० च्या पुढे. आता इथेच लोक फसतात. तो २०० चा आकडा चांगल्या, नियमाप्रमाणे बांधलेल्या घरासाठी आहे. त्याच पायरीला खालची मर्यादा पण दिलेली आहे आणि ती १६५ आहे, म्हणजे ईएफ३ ची वरची कड! घर नीट बांधलेलं नसेल तर पूर्ण साफ झालेलं जोतं सुद्धा ईएफ५ तर सोडाच, ईएफ४ ला पण पोचत नाही.

नीट बांधलेलं म्हणजे काय, तर इकडची घरं लाकडाची. काँक्रीटच्या जोत्यावर लाकडी पट्टी, तिच्यावर भिंतीचा सांगाडा, वर छप्पर. ती पट्टी जोत्यात रोवलेल्या बोल्टला नट आणि वॉशर लावून आवळायची असते. बऱ्याच ठिकाणी बोल्ट असतो पण नट नसतो, किंवा वॉशर नसतो, किंवा बोल्टच नाही, नुसते खिळे ठोकलेत. मग वारा भिंत मोडत नाही, अख्खी भिंत पट्टीसकट उचलून नेतो. सर्वेवाला जोत्यापाशी गुडघ्यावर बसून काय बघतो ते आता लक्षात आलं असेल. ढिगारा सगळेच बघतात, तो बोल्ट बघतो. वाकलाय का सरळ उभाय, लाकूड त्याच्याभोवती फाटलंय का अलगद निघून गेलंय. शेजारचं झुडूप बघतो, कारण घर साफ आणि दहा फुटांवरची कुंडी जागेवर असेल तर काहीतरी गडबड आहे.

गॅरेजचं दार पण बघा. ते पत्र्याचं, सगळ्यात कमजोर. ते आत दबलं की वारा घरात शिरतो, आतून छप्पर वर ढकलतो, छप्पर गेलं की भिंतींना वरून धरणारं कोणी नाही, त्या पडतात. म्हणून एकाच गल्लीत वाऱ्याकडे गॅरेज असलेलं घर गेलं आणि समोरचं टिकलं असं दिसतं, आणि लोक म्हणतात बघा टॉर्नेडोने उडी मारली. उडी बिडी काही नाही, दार गेलं.

ह्याची उलट बाजू पण आहे. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमात एल रीनोला २.६ मैल रुंद टॉर्नेडो झाला, गाडीवरच्या रडारने ताशी ३०० मैलांच्या आसपास वारे पकडले, आणि तरी त्याचं रेटिंग आज ईएफ३ आहे. कारण तो बराचसा शेतातून गेला आणि मोडलेल्या वस्तूंवरून तेवढंच सिद्ध होत होतं. मध्ये एकदा ईएफ५ जाहीर करून मग खाली आणला, लोक अजून भांडतात त्यावरून. मला विचाराल तर पट्टीचा तो खरा दोष आहे, पण नियम म्हटल्यावर नियम. कोऱ्या रानातून गेला, काहीच मोडलं नाही, तर ईएफयू लिहितात, म्हणजे ठरवता येत नाही. त्याला कमजोर टॉर्नेडो समजू नका.

हिवाळ्याच्या शेवटाला फसवणारी झाडं

फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंतच्या सर्वेत एक वेगळी मेख असते, जी मे महिन्यातले फोटो बघून शिकलेल्यांना कळत नाही.

एक तर झाडांना पानं नसतात. ओक, मेपल सगळे खराटे. पानं नसली की झाडाला वारा कमी लागतो, म्हणजे तोच वारा मे महिन्यात जे झाड पाडेल ते मार्चमध्ये उभं राहू शकतं. पण त्याचवेळी टेनेसी, अलाबामा, मिसिसिपीकडे हिवाळाभर पाऊस पडून माती लोण्यासारखी झालेली असते, मग झाड मोडत नाही, मुळासकट उन्मळतं. पट्टीप्रमाणे कठीण लाकडाचं झाड उन्मळायला ताशी ९१ मैल, बुंधा मोडायला ११०, आणि साल सोलली जाऊन नुसता दांडा उरायला १४३. भिजलेल्या मातीत उन्मळलेलं झाड बघून डोळे झाकून ९१ लिहायचं नाही, खाली वर करावं लागतं. किडलेला बुंधा असेल तर तो मोजायचाच नाही, तो आजीने काठी मारली असती तरी पडला असता.

दुसरं म्हणजे वेग. थंडीच्या शेवटाला वरचे वारे जोरदार असतात त्यामुळे ही वादळं पळतात. नॅशव्हिलचा टॉर्नेडो साधारण ६० मैल तासाभरात गेला, कुकव्हिलचा ८ मैल ८ मिनिटांत. म्हणजे भोवरा स्वतःच हायवेवरच्या गाडीच्या वेगाने पुढे चाललाय. आता भोवरा इथे बहुतेक वेळा घड्याळाच्या उलट फिरतो. तो पूर्वेकडे जात असेल तर त्याच्या दक्षिण बाजूला फिरण्याचा आणि पुढे जाण्याचा वेग एकमेकांत मिळतो, उत्तर बाजूला एकमेकांतून वजा होतो. परिणाम काय, तर दक्षिणेकडे दाणादाण आणि उत्तरेकडे नुसती डहाळी तुटलेली, आणि पडलेली झाडं जवळपास सगळी एकाच दिशेला तोंड करून. लगेच कोणीतरी म्हणतो सगळी झाडं पूर्वेला पडलीत म्हणजे हा टॉर्नेडो नव्हताच, सरळ वारा होता.

इथे घाई नको. रस्त्यावर उभं राहून दहा झाडं बघून ठरत नाही. नुकसानीच्या पट्ट्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवं चालत जा आणि प्रत्येक झाडाचा शेंडा कुठे आहे ते लिहा. दोन्ही कडांची झाडं थोडी थोडी मधल्या रेषेकडे झुकत असतील तर टॉर्नेडो. झाडं पंख्यासारखी बाहेर पसरलेली असतील तर वरून कोसळलेला वारा, म्हणजे डाउनबर्स्ट. हा फरक पण फुजितांनीच पक्का केला. १९४५ मध्ये त्यांनी नागासाकीला बॉम्बनंतरचं नुकसान बघितलं होतं, मध्यापासून बाहेर फुललेल्या ताऱ्यासारखं, आणि एप्रिल १९७४ च्या मोठ्या आउटब्रेकनंतर (आउटब्रेक म्हणजे एकाच वेळी आलेले पुष्कळ टॉर्नेडो) विमानातून जंगल बघताना तसलाच तारा पडलेल्या झाडांत दिसला. अंगावर काटा येतो हे वाचताना.

तिसरं, दिवस लहान. रात्री वादळ, सकाळी पाऊस, आणि सात वाजल्यापासून शेजाऱ्यांच्या चेनसॉ सुरू. दुपारी टीम येते तेव्हा अर्धी झाडं कापून कडेला रचलेली असतात. साफ करू नका असं कोण म्हणणार, रस्ता तर मोकळा करायलाच हवा, पण कापायच्या आधी एक फोटो काढायला किती वेळ लागतो?

हा पंचनामा नाही

आपल्या मनात डॅमेज सर्वे म्हटलं की तलाठी, पंच, सह्या, आणि पुढे भरपाई. नॅशव्हिलनंतर बरोबर तीन महिन्यांनी, ३ जून २०२० ला अलिबागजवळ निसर्ग आलं, आणि श्रीवर्धनला आमच्या मावशीच्या वाडीतल्या नारळी-पोफळी झोपल्या. फोनवर मी तिला ईएफ समजावत होतो आणि ती म्हणाली, "अरे पण मग पैसे किती मिळाले त्या लोकांना?" बरोबर प्रश्न आहे, आणि उत्तर असं की ह्या नंबराचा पैशाशी संबंधच नाही. वेदर सर्व्हिस फक्त वादळाची नोंद करते. इन्शुरन्सवाला स्वतःचा माणूस पाठवतो, सरकारी मदतीसाठी नुकसानीची वेगळी पाहणी होते. तुमच्या घराला ईएफ१ लिहिलं म्हणून क्लेम कमी होत नाही आणि ईएफ३ लिहिलं म्हणून वाढत नाही. सर्वेवाल्याशी रेटिंग वाढवून द्या म्हणून वाद घालणारे लोक मी पाहिलेत, बिचारा नुसता टॅब्लेट घेऊन उभा.

आणि रेटिंग म्हणजे अख्ख्या वाटेतला एकच सगळ्यात वाईट बिंदू. नॅशव्हिलचा ईएफ३ म्हणजे ६० मैलभर ईएफ३ नव्हे, बहुतेक वाट त्याहून खूप हलकी असते. तुमच्या गल्लीचं बघायचं तर सर्वेच्या नकाशावर तुमच्या घराजवळचा ठिपका बघा. शिवाय नॅशव्हिलच्या टॉर्नेडोचा सगळ्यात जास्त अंदाज १६५ मैल आणि ईएफ४ सुरू होतो १६६ ला. त्या एका मैलावरून लोकांनी किती रक्त आटवलं! अंदाजच तो, त्याला सोन्याच्या काट्यावर तोलू नका.

पहिल्या दिवशीचे आकडे

आउटब्रेकच्या दुसऱ्या सकाळी "४० टॉर्नेडो" अशी हेडलाइन दिसली तर ते बहुतेक फोन रिपोर्ट असतात. एकच टॉर्नेडो पाच गावांतून पाच जणांनी कळवला की पाच होतात. उलटही होतं. नॅशव्हिल ते कुकव्हिल एकच टॉर्नेडो गेला असं आम्ही दोन दिवस समजत होतो, ढग एकच होता पण पहिला स्मिथ काउंटीत संपला आणि कुकव्हिलचा दहा-पंधरा मिनिटांनी वेगळा टेकला. मधल्या पट्ट्यात बघितल्याशिवाय हे कळत नाही, आणि तिथे रस्तेच नसतील तर अजून वेळ लागतो. प्रिलिमिनरी, म्हणजे प्राथमिक, हा शब्द रिपोर्टवर उगाच नसतो. नॉर्थ डकोटात एंडरलिनला २० जून २०२५ ला झालेला टॉर्नेडो आधी ईएफ३ होता, मग उलटलेले आणि फेकलेले रेल्वेचे डबे तपासून हिशोब झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो ईएफ५ केला, २०१३ च्या ओक्लाहोमातल्या मूर गावच्या टॉर्नेडोनंतरचा पहिलाच. म्हणजे पहिल्या रिपोर्टवर "लपवतायत" म्हणून ओरडायचं कारण नाही आणि "झालं ठरलं" म्हणायचंही नाही.

फोटो पाठवले पण कोणी वापरले नाहीत, असं का?

कारण माझ्या पहिल्या फोटोंसारखे असतील. मी त्या सकाळी चाळीसेक फोटो काढले होते आणि त्यातले निम्मे मोडलेल्या खेळण्यांचे, लटकलेल्या पडद्याचे. मनाला लागणारे, कामाला शून्य. एकात पण घर कुठलं, कुठल्या दिशेने काढलं ते कळत नव्हतं. टीमला हवं असतं ते रुक्ष आहे. घराच्या चारही बाजू थोडं लांबून, मग जोत्याचा कोपरा जवळून जिथे बोल्ट आणि लाकडी पट्टी दिसते, बाजूला पेन किंवा नाणं ठेवून. फोनचं लोकेशन चालू. झाडाचा फोटो मुळापासून शेंड्यापर्यंत, आणि सोबत लिहून की शेंडा ईशान्येला. शेजारचं न मोडलेलं घर पण घ्या, तेवढंच कामाचं असतं. वेळ माहीत असेल तर द्या, वीज गेली तेव्हा थांबलेलं घड्याळ सुद्धा चालतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला फोटो पाठवू नका, त्यातली जागा-वेळेची माहिती निघून गेलेली असते.

ड्रोन असेल तर आधी फ्लाइट बंदी आहे का बघा, वर रेस्क्यू हेलिकॉप्टर फिरत असतात. कोणाच्या अंगणात विचारल्याशिवाय जायचं नाही, घर नसलं तरी अंगण त्यांचंच आहे. जाड तळाचे बूट घाला, लाकडातून उलटे वर आलेले खिळे चपलेतून आरपार जातात, मला टिटॅनसचं इंजेक्शन घेऊन हे कळलंय. गॅसचा वास आला तर मागे फिरा, आणि खाली पडलेली वायर मेलेली आहे असं कोणी कितीही सांगितलं तरी ती ओलांडू नका.

बुलडोझर साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दिसायला लागतात, त्याच्या आधी जोत्याचे कोपरे गाठा.