काढून टाकलेला थर्मोस्टॅट परत कसा बसवावा

गोव्याहून परतताना चोर्ला घाटात किंवा सावंतवाडीहून आंबोली चढताना गाडी तापली, की बेळगाव-खानापूर भागातील अनेक गॅरेजांत थर्मोस्टॅट (इंजिनातले पाणी ठराविक तापमानाला रेडिएटरकडे सोडणारा वॉल्व) काढून टाकण्याचा आणि रेडिएटरचा फॅन डायरेक्ट, म्हणजे आपोआप चालू-बंद न होता सतत चालेल असा, जोडण्याचा सल्ला हमखास मिळतो. दोन्ही सल्ले घातक आहेत. बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडू लागतो. तो नसल्यास इंजिन सपाटीवर थंडच राहते, इंधन जास्त जाळते आणि ऑइलमध्ये गाळ साचू लागतो. शिवाय ज्या इंजिनांत हाच वॉल्व बायपासची (रेडिएटर टाळून इंजिनात परतणाऱ्या पाण्याची) वाट बंद करतो, तेथे तो काढल्यावर गरम पाण्याचा बराचसा भाग रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतो आणि नेमक्या चढावर गाडी अधिक तापते. फ्यूज आणि रिले वगळून ओढलेली फॅनची बारीक वायर वितळून आग लागू शकते, हा धोका वेगळाच.

इंजिन पूर्ण थंड असताना जुने पाणी काढावे, डिस्टिल्ड वॉटरने आतून धुवावे आणि फॅनचे वायरिंग मूळ जोडणीप्रमाणे करून घ्यावे. बोअरचे पाणी भरू नये, कारण त्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. मूळ थर्मोस्टॅटच्याच अंशांचा नवा थर्मोस्टॅट नव्या गॅस्केटसह (सांध्यातून गळती रोखणाऱ्या पट्टीसह), स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे आणि बारीक हलती पिन असल्यास ती वर ठेवून बसवावा.

खरी अडचण पुढे येते, ती आत अडकलेली हवा काढण्याची. कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रावण) ओतून, रेडिएटरचे झाकण लावून गाडी हाती देणाऱ्या मिस्त्रीवर माझा अजिबात विश्वास नाही. टेंपरेचर सेन्सरभोवती हवा अडकली, तर तो पाण्याचे तापमान मोजतच नाही. काटा निवांत खाली असतो आणि तिकडे इंजिनाचे हेड, म्हणजे वरचा भाग, वाकते.

गाडीचे नाक वर राहील अशा उतारावर ती उभी करून हँडब्रेक लावावा, चाकांना दगड लावावेत आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवावा. हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करून, बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत कूलंट हळूहळू ओतावे आणि मग स्क्रू आवळावा. झाकण उघडे ठेवूनच इंजिन सुरू करावे, मात्र तोंड त्यावर आणू नये. वरचा होज पाइप सुरुवातीला कोमट असतो, आणि थर्मोस्टॅट उघडताच तो एकाएकी चटका बसण्याइतका तापतो. त्याच वेळी पातळी झपकन खाली जाते; तेवढे कूलंट लगेच भरावे, बुडबुडे थांबल्यावर झाकण लावावे आणि फॅन दोनदा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबावे. हीटरमधून गार वारा येत असेल, तर हवा अजून आतच आहे. घाई झाली म्हणून तापलेले झाकण पुन्हा उघडू नये. दाबाखालचे पाणी उसळून तोंड भाजते.

झाकणाचे रबर कापून दाब कमी करण्याची शक्कलही टाळावी. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या बेळगावात साधे पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळते, आणि दाब राहिला तरच कूलंटचा उत्कलनबिंदू त्याच्या बराच वर जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, पातळी पाहावी. पहिल्या दिवशी थोडी उतरणे स्वाभाविक आहे. ती रोजच उतरू लागली, तर घाटात जाण्याआधी गळती आणि हेड गॅस्केट तपासून घ्यावे.