नॉर्वेतली एखादी छोटी कोमुने घरबसल्या कशी वाचून काढायची (ग्रामसभेला नेमाने जाणाऱ्या गोंयकारांसाठी)

आधीच सांगतो, हे फिरायला जायचं गाईड नव्हे, फ्योर्ड आणि नॉर्दर्न लाईट्स हवे असतील तर यूट्यूबवर ढीग पडलाय. हे त्यांच्यासाठी ज्यांना पंचायत, ग्रामसभा, बजेट, ठराव असल्या गोष्टींत रस आहे आणि जे कधीतरी सेक्रेटरीकडे एका मिनिट्सच्या कॉपीसाठी चार खेपा मारून आलेत. नॉर्वेतली दोनशे-चारशे माणसांची कोमुने कशी चालते, ती मुळात झाली कशी, हे डिचोलीत नाहीतर काणकोणात बसून मोबाईलवर बऱ्यापैकी समजून घेता येतं. भाषा येत नसली तरी चालतं, ब्राउझरचं भाषांतर पुरतं, फक्त गावांच्या आणि माणसांच्या नावांचंही ते मधेच भाषांतर करून ठेवतं, तेवढं बघून घ्या.

कोमुने म्हणजे ढोबळ मानाने आपली पंचायत, पण ताकद किती तरी जास्त. पहिली ते दहावीची शाळा, बालवाडी, फॅमिली डॉक्टर, म्हाताऱ्यांची देखभाल, पाणी, गटार, बांधकाम परवाने, जमिनीचं प्लॅनिंग, हे सगळं कोमुनेचं काम. दहावीनंतरचं शिक्षण आणि बसगाड्या वरच्या जिल्हा पातळीकडे, आणि हॉस्पिटलं 2002 पासून थेट सरकारकडे. आपल्या कोमुनिदादीशी मात्र याची गल्लत करू नका. गांवकरीसारखी सामायिक मालकी तिथंही काही भागांत आहे, जंगलाची, म्हणजे त्या टापूतल्या शेतवाड्यांना लाकूडफाट्याचा आणि गुरं चारायचा हक्क असतो, पण ती व्यवस्था वेगळी, निवडून आलेल्या कोमुनेपेक्षा कितीतरी जुनी.

पहिलं काम, एक कोमुने निवडा. मोठी घेऊ नका, ओस्लो, बर्गन वगैरे घेतलंत तर हरवाल. मी उदाहरणाला उत्सिरा घेतो. रोगालांद जिल्ह्यात, हॉगेसुंदहून फेरीबोटीने जायचं, समुद्रातलं एकटं बेट, दोन टोकांना दोन बंदरं, वस्ती साधारण दोनशे. आपल्या दिवाडीतला एखादा वाडा यापेक्षा मोठा निघेल. पण याला स्वतःचं कौन्सिल आहे, स्वतःची शाळा आहे, बजेट आहे. दुसरी एखादी हवी असेल तर मोदालेन बघा, डोंगरांत आत, चारशेच्या खाली माणसं, तिच्याबद्दल पैशाच्या भागात सांगतो.

निवडली की तिचा चार आकडी नंबर शोधून लिहून ठेवा. उत्सिराचा 1151, त्यातला 11 म्हणजे रोगालांद. हा नंबर सांख्यिकी खात्याच्या साईटवर लागतो, जमिनीच्या कागदात लागतो, सगळीकडे लागतो. तिथली कुठलीही जमीन तीन आकड्यांनी ओळखतात: कोमुनेचा नंबर, मग शेतवाडीचा नंबर, मग तिच्या तुकड्याचा नंबर. ज्याने सर्वे नंबर आणि सब-डिव्हिजन घेऊन एक-चौदाचा उतारा काढलाय त्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

आता इतिहास. इथं बहुतेक जण व्हायकिंगांपासून सुरुवात करतात आणि तिथंच अडकतात. माझं म्हणणं, हद्दीपासून सुरुवात करा. ही कोमुने कधी, कुणापासून वेगळी झाली, कुणात मिळाली, हे विचारा, म्हणजे अर्धा इतिहास आपोआप हाताला लागतो. सगळ्यांचं मूळ एकच, 1837 चा कायदा, 1838 च्या 1 जानेवारीपासून अंमल. त्याआधी 1814 मध्ये देशाला घटना मिळाली होती पण गावाचा कारभार पाद्री आणि सरकारी अंमलदारच बघायचे. 1837 मध्ये गावच्या लोकांना स्वतःची मंडळी निवडायचा हक्क मिळाला आणि हद्दी आखल्या त्या बहुतेक चर्चच्या पॅरिशप्रमाणे, कारण तयार हद्दी त्याच होत्या. सुरुवातीची कामं म्हणजे मुख्यतः गरिबांची सोय आणि शाळा. शाळा म्हणजे पण काय, मास्तर एका शेतवाडीवरून दुसरीवर जायचा, आठवडा-दोन आठवडे राहून तिथल्या पोरांना शिकवायचा आणि पुढे जायचा, 1860 च्या कायद्यानंतर हळूहळू इमारती आल्या.

मतदान तेव्हा सगळ्यांना नव्हतं. कोमुनेच्या निवडणुकीत बायकांना 1901 मध्ये हक्क मिळाला, तोही कर भरणाऱ्यांनाच, आणि 1910 मध्ये सरसकट. आता उत्सिराकडे या. हे बेट 1924 मध्ये तोरवास्ता कोमुनेतून वेगळं झालं आणि लगेच पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत लोकांनी बारा जणांच्या कौन्सिलमध्ये अकरा बायका आणि एक पुरुष निवडून दिला! ओसा हेल्गेसन नावाची सुईण 1926 मध्ये महापौर झाली, अख्ख्या नॉर्वेतली पहिली महिला महापौर. कुठल्या शहरात नव्हे, या खडकावर. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला की कागदावर बाई आणि खुर्चीत नवरा हा प्रकार आपण बघतोच, त्यामुळे ही 1925 ची निवडणूक वाचताना मला फार मजा येते.

हद्दींचा दुसरा मोठा टप्पा म्हणजे शाय कमिटी. 1946 मध्ये नेमली, निकोलाई शाय अध्यक्ष, आणि तिच्यामुळे 744 कोमुनेंच्या साठच्या दशकात 454 झाल्या. कारण सरळ होतं, युद्धानंतर शाळा-दवाखान्याचा खर्च वाढला आणि लहान कोमुनेला तो झेपेना. तुम्ही निवडलेली कोमुने या कापाकापीतून वाचली की गिळली गेली ते बघा. तिसरा टप्पा 2020 चा, 428 वरून 356. त्यात काहींचं एकत्रीकरण पार्लमेंटने लोकांच्या मनाविरुद्ध केलं, तिसफ्यूर नावाची कोमुने तर मधोमध फाडून अर्धी नार्विकला आणि अर्धी हामारॉयला दिली. आणि 2024 मध्ये हाराम ही ओलेसुंदमधून परत वेगळी झाली, म्हणून आता 357. म्हणजे हा विषय संपलेला नाही, त्यामुळे जुना आकडा कुठं दिसला तर वर्ष बघितल्याशिवाय वापरू नका.

हद्दी कळल्या की माणसांकडे या. नॉर्वेचं सरकारी डिजिटल अर्काईव्ह फुकट आहे, लॉगिनची भानगड नाही. 1801, 1865, 1875, 1891, 1900, 1910 आणि 1920 च्या जनगणना नावानिशी बघता येतात, शंभर वर्षं झाली की खुल्या होतात. सुरुवात 1865 किंवा 1875 पासून करा. त्यात एकेका शेतवाडीखाली घरातली माणसं, वय, धंदा, जन्मगाव आणि त्याच्याच बाजूला गाई किती, मेंढ्या किती, ओट आणि बटाटे किती पेरले हेही लिहिलेलं असतं. चार शेतवाड्यांची ही ओळ वाचलीत की गावात कोण सुखात आणि कोण दुसऱ्याच्या जमिनीवर खोप बांधून राहतो ते कळतं, आपल्या भाटकार-मुंडकारासारखीच भानगड तिथंही होती. एक सावधगिरी: आडनावाने शोधू नका. 1923 च्या नावांच्या कायद्याआधी खेड्यात बहुतेकांना पक्कं आडनाव नव्हतं, बापाचं नाव आणि पुढे शेतवाडीचं नाव, आणि माणूस दुसऱ्या वाडीवर राहायला गेला की मागचं नाव बदललं. म्हणून वाडीचं नाव धरून शोधा. माणूस मधेच गायब झाला तर तो मेला असंच धरू नका, अमेरिकेला गेला असेल, शंभरेक वर्षांत आठ लाखांच्या आसपास लोक असे गेले. आपल्याकडे आफ्रिका, गल्फ आणि तारवटी झाले, त्यांच्याकडे मिनेसोटा.

आता कारभार, आणि खरी गंमत इथं आहे. निवडणूक दर चार वर्षांनी सप्टेंबरात, मागची 2023 ची, पुढची 2027 ची. मधेच बरखास्ती नाही, पोटनिवडणूक नाही. मत पक्षाच्या किंवा गावच्या पॅनेलच्या यादीला द्यायचं, पण यादीतल्या आपल्या आवडत्या माणसापुढे खूण करता येते, आणि दुसऱ्या पक्षाच्या यादीतला माणूस चांगला वाटला तर त्यालाही थोडं मत देता येतं. भाचा-पुतण्या तिथं नोकरीला असेल तर त्याला सांगा, परदेशी नागरिक असला तरी सलग तीन वर्षं राहिल्यावर कोमुनेला मत देता येतं, बरेच जण देतच नाहीत.

पाच हजारांपर्यंत वस्ती असेल तर कौन्सिलमध्ये कमीत कमी अकरा जण असावे लागतात. कौन्सिल आपल्यातूनच एक छोटी कार्यकारी समिती निवडते, कमीत कमी पाच जणांची, आणि एक महापौर. आता महापौर म्हणजे सरपंच असं समजून पुढे गेलात तर सगळं चुकत जाईल. तो बैठका चालवतो, कोमुनेच्या वतीने सही करतो, पण ऑफिस त्याच्या हाताखाली नसतं. ऑफिस चालवतो कोमुनेचा डायरेक्टर, तो पगारी माणूस, कौन्सिलने नेमलेला, आणि प्रत्येक विषय बैठकीत यायच्या आधी नीट अभ्यासून मांडायची जबाबदारी कायद्याने त्याची. आपल्याकडे सेक्रेटरी सरकार पाठवतं, तो बदलीवर येतो आणि बदलीवर जातो, आणि सरपंच अविश्वास ठरावाने दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतो, मग फायली कुणालाच माहीत नसतात.

म्हणून कुठलीही कोमुने समजून घ्यायची तर भाषणं सोडा आणि बैठकीची कागदपत्रं उघडा. कोमुनेच्या साईटवर राजकारण किंवा बैठका अशा अर्थाचा भाग असतो, तिथं कॅलेंडर, अजेंडा, प्रत्येक विषयाची टिपणं आणि नंतर मिनिट्स. एकच विषय धरा, समजा शाळेच्या छपराची दुरुस्ती, आणि तो टिपणापासून समितीत, समितीतून कौन्सिलमध्ये कसा गेला, कुणी विरोधात मत दिलं, इथपर्यंत जा. दहा लेख वाचून जे कळत नाही ते या एका विषयातून कळतं. वेळ थोडा असेल तर फक्त नोव्हेंबर-डिसेंबरचे कागद बघा, बजेट वर्ष संपायच्या आत मंजूर व्हावं लागतं आणि समितीचा प्रस्ताव कौन्सिलच्या बैठकीआधी निदान चौदा दिवस लोकांसमोर ठेवावा लागतो.

बजेटात बघायचं काय? पैसा कुठून येतो ते. इन्कम टॅक्सचा वाटा, सरकारी अनुदान, घरपट्टी (ती लावायची की नाही हे कोमुनेच ठरवते), आणि नशीब असेल तर पाणी. मोदालेन 1910 मध्ये होसांगरमधून वेगळी झाली, आणि आज इतकी छोटी असून श्रीमंत, कारण डोंगरात जलविद्युत आहे. 1917 पासूनच्या कायद्याप्रमाणे ज्या कोमुनेचं पाणी वापरून वीज होते तिला त्यातली दहा टक्क्यांपर्यंत वीज उत्पादन खर्चात मिळते, कर वेगळा. साळावलीच्या धरणाखाली कुर्डी गेलं त्या सांगेवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. अर्थात पैसा आला की अक्कल येतेच असं नाही. 2007 मध्ये राना, नार्विक, हेमनेस, हात्तफ्येलदाल या कोमुनेंनी पुढे येणाऱ्या विजेच्या पैशावर आधीच उचल घेऊन ती अमेरिकेतल्या गुंतवणुकीत घातली आणि बुडवली, टेरा प्रकरण म्हणून शोधा. तुमच्या कोमुनेची तब्येत बघायची असेल तर ज्यांना कर्ज काढायला सरकारची परवानगी लागते अशा कोमुनेंची एक यादी असते, रोबेक नावाची, त्यात नाव आहे का बघा.

ग्रामसभा मात्र तिथं नाही. आपल्याकडे मतदार यादीत नाव असलेला कुणीही उभा राहून सरपंचाला विचारू शकतो, तिथं कौन्सिलची बैठक खुली असते पण तुम्ही बसून ऐकायचं. त्याऐवजी दुसरी सोय आहे: दोन टक्के रहिवाशांनी, किंवा मोठ्या कोमुनेत तीनशे जणांनी सही करून विषय दिला की कौन्सिलला तो घ्यावाच लागतो, सहा महिन्यांत. उत्सिरासारख्या ठिकाणी दोन टक्के म्हणजे चार-पाच सह्या, एका घरातच होतील. मला विचाराल तर आपल्याकडे तोंड उघडायचा हक्क आहे आणि कागद मिळत नाही, त्यांच्याकडे कागद आधी मिळतो. दोन्हींत निवडायला सांगितलं तर मी कागद घेईन.

शेवटचं, एखादा कागद साईटवर नसेल तर मागा. कोमुनेत आलेल्या-गेलेल्या पत्रांची नोंदवही असते, बऱ्याच ठिकाणी ती ऑनलाईन दिसते, त्यातून नेमकं पत्र निवडायचं आणि कोमुनेच्या ऑफिसला साधा ईमेल टाकायचा, इंग्रजीत चालतो. नॉर्वेचे नागरिक असायची अट नाही, कारण सांगावं लागत नाही, नावसुद्धा द्यावं लागत नाही. "सगळे कागद द्या" असं लिहू नका, विषय आणि तारीख लिहा. नाही म्हणाले तर कुठल्या कलमाखाली ते त्यांनी सांगायला हवं, आणि पटलं नाही तर तक्रार त्याच कोमुनेकडे पाठवायची, ती निर्णय बदलत नसेल तर पुढे सरकारच्या जिल्हा प्रतिनिधीकडे जाते.