डिटेक्टर घ्यायला जाताना जोडवं आणि खिळा न्या

पहिला मेटल डिटेक्टर घेताना सगळे विचारतात, किती खोलवरचं सापडेल. खरी अडचण लोखंडाची: ते वेगळं ओळखता आलं नाही, तर दिवसभर खिळेच उकरत बसाल.

१. चांदीचं जोडवं आणि गंजका खिळा सोबत न्या. हल्लीचं रुपयाचं नाणं नको, ते चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचं असतं.
२. लोखंड गाळायची सेटिंग लावा. खिळ्यावर यंत्र गप्प, जोडव्यावर आवाज खणखणीत हवा.
३. दोन्ही एकमेकांपासून चार बोटं अंतरावर ठेवून कॉइल, म्हणजे यंत्राच्या टोकाची चकती, वरून हळू फिरवा. तरीही जोडवं वाजलं, तर घ्या.

समुद्रकाठच्या ओल्या वाळूसाठी मात्र मल्टी-फ्रिक्वेन्सी, म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं यंत्रच बघा.

गडकिल्ल्यांवर यंत्र अजिबात नेऊ नका. इतरत्रही १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेला १० रुपयांवरचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.