जुन्या पिकअपला दुसऱ्या गाडीची चाकं : पीसीडी जुळला म्हणजे झालं असं नाही

ठाण्याहून किंवा नवी मुंबईहून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुनी अलॉय चाकं बघायला गेलात की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘पीसीडी किती?’ म्हणजे नटांच्या होलांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. तुम्ही ‘सहा होल, १३९.७’ म्हणालात की तो म्हणणार, ‘बसेल, बिनधास्त न्या.’ बऱ्याचदा बसतंही. पण चाक स्टडवर (नट ज्यावर आवळतात त्या बोल्टांवर) चढणं वेगळं आणि हौद्यात माल भरून घोडबंदर रोडचे खड्डे खाताना ते जागेवर राहणं वेगळं.

आधी कागद

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीत असलेला कंपनीचा तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. त्यामुळे तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीने दिलेला साइज सगळ्यात बिनघोर. पिवळ्या पाटीची गाडी असेल तर पासिंगला ही चाकं डोळ्यांवर येणार हे धरून चाला. विमा कंपनीलाही लेखी कळवून ठेवा.

मग मोजमाप

सहा होलचं चाक असेल तर समोरासमोरच्या दोन होलांच्या मध्यांतलं अंतर म्हणजे पीसीडी. पाच होलांत समोर होल नसतं, म्हणून शेजारच्या दोन होलांच्या मध्यांतलं अंतर मोजून १.७०१ ने गुणा. बोलेरोच्या चाकावर ते ८२ मिमीच्या आसपास येतं, म्हणजे पीसीडी १३९.७.

आता खरा मुद्दा, चाकाचं मधलं भोक. इसुझू डी-मॅक्स, टोयोटा फॉर्च्युनर आणि मित्सुबिशी पजेरो स्पोर्ट, तिघांचाही पीसीडी ६ बाय १३९.७. पण मधलं भोक डी-मॅक्सचं साधारण १०० मिमी, फॉर्च्युनरचं १०६ आणि पजेरो स्पोर्टचं ६७. पजेरो स्पोर्टचं चाक डी-मॅक्सच्या हबवर (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर) चढणारच नाही. फॉर्च्युनरचं चढेल, पण हबभोवती ३ मिमीची फट राहील. चाक नीट मध्यावर आलं नाही तर वेग घेतल्यावर स्टिअरिंग थरथरतं आणि तुम्ही उगाच बॅलन्सिंगवर पैसे घालत बसता. बाहेरून १०६, आतून १०० अशी फट भरणारी ॲल्युमिनियमची हब रिंग टाका. प्लॅस्टिकची पिकअपला नको. भोक लहान असेल तर लेथवर वाढवून घेऊ नका, दुसरं चाक शोधा.

ऑफसेट, म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतचं मिलिमीटरमधलं अंतर, रिमच्या आतल्या बाजूला ‘ईटी’पुढे कोरलेला असतो. मूळ रिम ७ इंची, ईटी ३३ आणि नवं ८ इंची, ईटी २० असेल, तर आतली कड जवळपास तिथेच राहते, बाहेरची मात्र सुमारे २६ मिमी बाहेर येते. चिखल दारांवर उडतो आणि बेअरिंगवर ताण वाढतो. स्पेसर (हब आणि रिमच्या मधली चकती) लावून ऑफसेट ‘जुळवणं’ मला माल वाहणाऱ्या गाडीवर अजिबात पटत नाही.

रिमवर कमाल वजन कोरलेलं असेल तर तेही वाचा. मागच्या ॲक्सलची कंपनीने दिलेली क्षमता भागिले दोन, एवढं तरी एका रिमला पेलायलाच हवं. कारची अलॉय देखणी असतात, पण हौदा सिमेंटच्या गोण्यांनी भरला की देखणेपण कामाला येत नाही.

टायरचा घेर बदलला की स्पीडोमीटर चुकतो. २४५/७० आर १६ काढून २६५/६५ आर १७ घातलेत तर व्यास ३.६ टक्के वाढतो, म्हणजे काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी जवळजवळ ८३ ने पळत असते.

बसवताना

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढा, तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला लाकडी ठोकळा लावा आणि जॅकवर विसंबू नका, स्टँड घ्या. खाडीच्या हवेत आणि चार पावसाळ्यांत हबवर गंजाचा थर चढलेला असतो. वायर ब्रशने तो चकाचक काढा, नाहीतर नंतर तो थर दबतो आणि नट सैल होतात.

नट हातात घेऊन बघा. कोनाच्या बुडाचा नट कोनाच्याच होलात जातो. टोयोटाच्या काही अलॉयना मात्र लांब मानेचा, सपाट वायसरचा नट लागतो. अदलाबदल झाली तर नट घट्ट वाटतो, पण धरतो नुसत्या कडेवर. १२ मिमीच्या, १.५ पिचच्या (दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिमी) स्टडवर नट हाताने निदान आठ फेरे बसला पाहिजे. मग समोरासमोरचे नट आलटून पालटून आवळा आणि चाक जमिनीला टेकल्यावर टॉर्क पान्याने (किती ताण दिला ते दाखवणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत न्या. टायरवाल्याला सांगा, शेवटचा ताण हवेच्या गनने नको.

पहिली फेरी रिकाम्या गाडीची. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर चाकाच्या कमानीतल्या लायनरला घासतंय का बघा, मग माल भरून पुन्हा बघा, कारण स्प्रिंग दबल्यावरच घासण्याचा आवाज येतो. ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

स्टेपनी मूळचीच लोखंडी ठेवणार असाल तर मूळचे नट फेकू नका, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. नवे नट सपाट वायसरचे असतील तर ते त्या रिमवर चालणार नाहीत. आणि फोर बाय फोरमध्ये वेगळ्या घेराची स्टेपनी लावून फोर-व्हील टाकू नका, टू-व्हीलमध्येच हळू चालवत पंक्चरवाल्यापर्यंत जा.