चोर्ल्याला निघण्याआधी : चष्मेवाल्यांनी हेल्मेटची करायची तयारी

गेल्या वर्षी गणेश चवथीच्या आधी बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात साखळीला मावशीकडे निघाले, ती नवं कोरं हेल्मेट घालून. दुकानात घालून पाहिलं होतं, मान हलवून पाहिली होती, पट्टा ओढून पाहिला होता. चष्मा तेवढा त्या वेळी पर्समध्ये होता. पिरनवाडी सोडेपर्यंत काही जाणवलं नाही. किणये मागे पडलं तशी डाव्या कानशिलात कळ यायला लागली. जांबोटीला चहाला थांबून गाडीच्या आरशात पाहिलं, तर दोन्हीकडे चष्म्याच्या काडीचे लालभडक वळ. डावीकडचा इतका खोल, की बोट फिरवलं तर खाच लागत होती. पुढे कणकुंबीपर्यंत चष्मा काढून गाडी चालवली. माझा नंबर मायनस साडेतीन, त्यात पाऊस, त्यात धुकं. एक खड्डा दिसलाच नाही, गाडी कशीबशी सावरली. यंदा कुणाचं असं होऊ नये म्हणून हे लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी हे : हेल्मेट चष्मा लावूनच घालून बघा, आणि अर्धा तास बघा. दोन मिनिटांनी काही कळत नाही. कुशन काडीला कानशिलावर सतत रेटत राहतं आणि ठणका वीस-पंचवीस मिनिटांनी सुरू होतो, तोवर तुम्ही दुकानातून घरी आलेले असता. दुकानात दहा मिनिटं तरी चष्म्यासकट उभ्या राहा, दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. बदलून देणार का, हे पैसे देण्याआधी विचारा. घरी आल्यावर पावती जपून ठेवा आणि चष्मा-हेल्मेट घालून अर्धा तास भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला, काहीही करा. पण अर्धा तास.

आयएसआय शिक्का आणि आयएस 4151 (हेल्मेटचं भारतीय मानक) बघायचं, हे सांगायला नको. 1 जून 2021 पासून त्याशिवायचं हेल्मेट विकायला बंदीच आहे. माप भुवयांच्या बोटभर वरून टेप फिरवून घ्यायचं. आणि चष्मा बसावा म्हणून एक साइज मोठं घेऊ नका! सैल हेल्मेट पडल्यावर डोक्यावर राहत नाही. त्यापेक्षा कानशिलाच्या कुशनमध्ये काडीसाठी खाच असलेलं बघा, किंवा हनुवटीकडून वर उचलता येणारं घ्या. त्यात चष्मा न काढता हेल्मेट घालता येतं. मात्र चालवताना ते खाली लावून बंदच हवं. खाच नसेल तर आतला थर्माकोल कोरायचा नाही. काही जण चाकूने कोरून देतात. आपटल्यावर धक्का तोच झेलतो, तोच कोरला तर उरलं काय?

फ्रेमचं म्हणाल तर काडी बारीक आणि सरळ हवी. बिजागरीपाशी रुंद, जाड प्लॅस्टिकच्या काड्या दिसायला छान, पण हेल्मेटमध्ये त्याच सगळ्यात जास्त रुततात. कानामागे खूप वळलेली काडी कुशनमध्ये अडकते आणि कान दुमडतो. चष्म्याच्या दुकानात टोक थोडं सरळ करून मिळतं. भिंगं प्लॅस्टिकची हवीत, काचेची नकोत. फ्रेम बदललीत तर पुन्हा अर्धा तास, कारण जुन्या चष्म्यावर घेतलेली परीक्षा नव्याला लागू नाही.

हनुवटीकडून न उघडणारं हेल्मेट असेल, तर घालताना आधी हेल्मेट, मग काच वर करून काड्या सरळ आत सरकवायच्या. काढताना आधी चष्मा. हा क्रम चुकला की बिजागरीचा स्क्रू गेलाच समजा. मोठे कानातले आणि बाजूच्या क्लिपा काढून ठेवा, त्या काडीखाली येतात.

आता स्कार्फ. आपण सगळ्याजणी धुळीसाठी नाकावर घट्ट बांधतो, आणि तो श्वास खाली न जाता वर भिंगावर जातो. भिंग गार, श्वास गरम आणि ओला, म्हणून वाफ धरते. जांबोटीच्या पुढे पावसात हेल्मेटची काच बंद केली की काही सेकंदांत समोर नुसतं पांढरं. स्कार्फ पातळ घ्या आणि नाकाखाली ठेवा. हनुवटीकडची हवेची खिडकी उघडी ठेवा, काच एक खटका वर. निघताना भिंगावर भांड्याच्या साबणाचा एक थेंब चोळून कोरड्या मऊ कापडाने पुसला तरी बराच वेळ निभावतं. कोटिंग असेल तर मात्र दुकानात विचारूनच. आणि स्कार्फ बांधणार असाल, तर तो अर्धा तासही स्कार्फ बांधूनच काढा. कापडाची एक घडीसुद्धा काडीचा दाब वाढवते.

गॉगल उघड्या हायवेला ठीक. चोर्ल्याच्या रानात क्षणात ऊन, क्षणात गर्द सावली. तिथे फार काळा गॉगल धोक्याचा. चौथ्या श्रेणीचा, म्हणजे सगळ्यात काळा, तर गाडी चालवायला नसतोच. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या भिंगांवर विसंबू नका. ती मुख्यतः अतिनील किरणांनी काळी होतात आणि हेल्मेटची काच बहुतेकदा तेच अडवते. पोलराइज्ड, म्हणजे चकाकी कापणारा गॉगल घेतलात तर गाडीचं डिजिटल मीटर दिसतं का, आधी बघा.

जादा चष्मा कडक डबीत, ओल्या सॅकच्या तळाशी नको. भिंगावर चिखल उडाला तर आधी पाणी, मग कापड. परतताना अंधार होणार असेल तर साधा चष्मा हाताशी. दुखायला लागलं तर थांबा, चष्मा काढून पुढे जाऊ नका.

भाचीने परवाच नवं हेल्मेट आणलंय, ती रविवारी निघणार. आज जेवणं झाली की तिला चष्म्यासकट अर्धा तास बसवणार आहे, आणि घड्याळ मी बघणार.