ग्रीन बे पॅकर्सच्या स्टार्टिंग क्वार्टरबॅकचा तक्ता: कसा मांडायचा, कुठे चुकतो

ग्रीन बे पॅकर्स हा अमेरिकन फुटबॉलमधला (एनएफएल) संघ, आणि क्वार्टरबॅक म्हणजे त्याचं आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू. कोणत्या सामन्यात सुरुवातीला कोण उतरला (स्टार्टर), याचा तक्ता खेळाडूंच्या नावांपासून नाही, सामन्यांपासून सुरू करा. एक सामना, एक ओळ. रकाने: हंगाम, आठवडा, तारीख, प्रतिस्पर्धी, स्टार्टर, निकाल, शेरा. नावांची बेरीज नंतर आपोआप निघते. नावांपासून गेलात तर एक-दोन सामने खेळलेला बदली खेळाडू हमखास गळतो.

स्टार्ट कोणाची, ते पहिल्या आक्रमक खेळीला क्वार्टरबॅक म्हणून कोण उतरला यावर ठरतं. जय-पराजयही त्याच्याच खात्यात जातो, मग तो पाच मिनिटांत जायबंदी का होईना. 20 सप्टेंबर 1992 ला सिनसिनाटीविरुद्ध डॉन मकाउस्की दुखापतीने बाहेर गेला आणि ब्रेट फार्व्हने सामना जिंकून दिला. तरी स्टार्ट मकाउस्कीचीच. फार्व्हची पहिली स्टार्ट 27 सप्टेंबरची, पिट्सबर्गविरुद्ध. तिथून 2007 च्या हंगामापर्यंत पॅकर्ससाठी त्याच्या सलग 253 स्टार्ट होतात, प्लेऑफ (हंगामानंतरचे बाद फेरीचे सामने) सोडून. तुमच्याकडे 254 आल्या, तर सिनसिनाटीचा सामना त्याच्या नावावर पडला आहे.

हात बसवायला 2013 चा हंगाम घ्या, त्यात सगळ्या अडचणी एकदम भेटतात. शिकागोविरुद्ध ॲरन रॉजर्सचं कॉलरबोन अगदी सुरुवातीला मोडलं आणि जवळजवळ सगळा सामना सेनेका वॉलेस खेळला, पण हार रॉजर्सच्या खात्यात. मिनेसोटाशी 26-26 बरोबरी झाली. शेवटी मैदानात मॅट फ्लिन होता, पण बरोबरी स्कॉट टोलझिनची, कारण सुरुवात त्याने केली होती. हिशेब असा लागला पाहिजे: रॉजर्स 9, वॉलेस 1, टोलझिन 2, फ्लिन 4. एकूण 16.

ही बेरीज प्रत्येक हंगामाला करा. 1978 पासून 16 सामने, 2021 पासून 17. अपवाद दोन, दोन्ही खेळाडूंच्या संपाचे: 1982 ला 9 आणि 1987 ला 15. 1987 चे तीन सामने संपकाळात बदली संघाने खेळले आणि त्यांत ॲलन रिशर स्टार्टर होता. ते अधिकृत आहेत, वगळू नका.

तारीख मैदानावरची लिहा, नाशिकची नाही. ग्रीन बेला रविवारी दुपारी 12 ला सुरू होणारा सामना इथे रात्री 10:30 ला लागतो, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून 11:30 ला. सोमवार रात्रीचा सामना तर सातपूर-अंबडच्या पहिल्या पाळीची मंडळी मंगळवारी सकाळी फोनवर बघतात. रॉजर्सची पहिली स्टार्ट तशीच: तिकडे 8 सप्टेंबर 2008, इकडे 9 उजाडला होता. हंगामाचं वर्षही सांभाळा. 6 फेब्रुवारी 2011 चा सुपर बोल (अंतिम सामना) 2010 च्या हंगामात जातो, तोही प्लेऑफच्या वेगळ्या पानावर.

हंगामाच्या बेरजेत एकाच रकान्यात 8-7-1 (8 जय, 7 पराजय, 1 बरोबरी) असं टाइप केलं की स्प्रेडशीट त्याची तारीख करून टाकते. जय, पराजय, बरोबरी असे तीन रकाने ठेवा. नावं मात्र हाताने लिहूच नका, ड्रॉपडाउनमधून निवडा. एकदा ‘रॉजर्स’ आणि एकदा ‘रॉजर्झ’ पडलं, की काउंटइफ (शीटमधलं मोजणीचं सूत्र) त्याला दोन माणसं समजतं.

1950 च्या मागे जाऊ नका. तेव्हाच्या रचनांत चेंडू बरेचदा थेट टेलबॅककडे (मागे उभा राहून चेंडू घेणाऱ्या खेळाडूकडे) जायचा आणि क्वार्टरबॅक मुख्यतः प्रतिस्पर्ध्यांना अडवायचा. त्या काळच्या नावांची बार्ट स्टार किंवा जॉर्डन लव्ह अशा नंतरच्या क्वार्टरबॅकशी एकाच यादीत तुलना होत नाही.