दुकानाला अनुदान नाही, दुकानामागच्या कामाला आहे

मुंबईत करी रोडला आमचं किराणा-मसाल्याचं दुकान आहे. सासऱ्यांनी गिरणीच्या संपानंतर टाकलेलं. हल्ली आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं, "वहिनी, दुकानाला सरकारी अनुदान मिळतं का हो?" उभ्या उभ्या सांगून पुरत नाही, म्हणून इथे लिहितेय.

आधी नाहीचं सांगते. नुसता माल आणून विकायचा, फळ्या-काउंटर करायचे, यासाठी मला तरी कुठलं अनुदान सापडलं नाही. मुद्रा हे कर्ज आहे, अनुदान नव्हे. "मुद्रात सबसिडी बसवून देतो" म्हणणारा एजंट आला तर चहासुद्धा पाजू नका. मी पाजला होता, वर पाच हजारही दिले होते. फोन अजून लागलेला नाही. पथारीवाल्यांसाठी स्वनिधी आहे, त्यात पहिलं कर्ज आता १५,००० रुपयांचं मिळतं आणि वेळेवर फेडलं तर ७ टक्के व्याज परत येतं. पण ते रस्त्यावर बसणाऱ्यांसाठी. गाळेवाल्याने तिकडे जाऊ नये.

सरकार पैसे देतं ते कुटण्याला, दळण्याला, भाजण्याला, पॅक करण्याला आणि साठवण्याला. हे मला कळलं ते मिरची खराब झाल्यावर. एका जूनमध्ये मी ८० किलो ब्याडगी माळ्यावर ठेवली होती, मे महिन्यातला चांगला भाव बघून घेतलेली. ऑगस्टमध्ये पोतं सोडलं तर देठाजवळ पांढरी बुरशी आणि हात लावला की चामड्यासारखी मऊ. वाशीचे व्यापारी मिरची शीतगृहात ठेवतात, रंग टिकतो. आम्ही माळ्यावर ठेवतो. तेव्हा ठरवलं की मिरची साठवायचीच नाही, हंगामातच कुटून पॅक करायची. त्यासाठी स्वतःचं डंकन, म्हणजे मसाला कुटायचं यंत्र, हवं होतं.

आमच्यासारख्यांची योजना म्हणजे पीएमएफएमई, प्रधानमंत्री सूक्ष्म खाद्य उद्योग उन्नयन योजना. २०२० मध्ये सुरू झाली, मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवली होती, तेव्हा अर्जाआधी पोर्टलवर ती चालू आहे का ते बघा. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. वय १८ च्या वर, एका कुटुंबातून एकच अर्ज. जागेची किंमत धरत नाहीत. महाराष्ट्रात हे काम कृषी खात्याकडे आहे, म्हणून मुंबईकराला वाटतं शेतकऱ्याचंच असेल. तसं नाही, शहरातला मसालेवाला, पापडवाली, फरसाणवाला सगळे चालतात.

हिशेब माझाच सांगते. डंकन, भाजणी यंत्र, पॅकिंग मशीन, फ्रीजर मिळून ६ लाख. त्यातले १० टक्के, म्हणजे ६०,००० मी घातले. ५,४०,००० बँकेचं कर्ज. अनुदान २,१०,०००. आता नीट वाचा: हे २,१०,००० हातात येत नाहीत. बँकेत तुमच्या नावाने वेगळे ठेवतात आणि तीन वर्षं हप्ते नीट गेले, युनिट चालू राहिलं, की कर्जात वळते करतात. म्हणजे अनुदान शेवटी, कर्ज आधी. मुलीच्या फीला उपयोगी पडेल अशा समजुतीत मी चार महिने होते.

अर्ज ऑनलाइन. जिल्ह्यासाठी नेमलेली जिल्हा संसाधन व्यक्ती फाइल तयार करून देते. तिचं मानधन सरकार देतं, तुम्ही काही द्यायचं नाही. आमच्याकडे नेमलेला मुलगा बिचारा दोनदा दुकानात येऊन बसला, तिसऱ्यांदा मीच त्याला पोहे केले. त्याच्याकडून प्रकल्प अहवाल करून घ्या, पण आकडे स्वतःचे द्या. मी एप्रिल-मेचं दिवसाला ७० किलो कुटणं वर्षभराचं म्हणून सांगितलं. जुलैत १० किलोही होत नाही आणि हप्ता मात्र जुलैतही येतो. तुमच्या धंद्याचे कोरडे महिने अहवालात लिहा आणि सुरुवातीचे काही महिने हप्ता पुढे ढकलून मागून घ्या.

कागद: आधार, पॅन, बँकेचं स्टेटमेंट, उद्यम (छोट्या उद्योगाची) नोंदणी, गुमास्ता म्हणजे दुकानाची नोंदणी, अन्न परवाना. उद्यम सरकारी साइटवर फुकट होतं. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. लालबाग-परळच्या बाजूला खरी अडचण जागेच्या कागदाची. आमचा गाळा पागडीचा, भाडेपावती सासऱ्यांच्या नावावर, लाइटबिल त्यांच्या वडिलांच्या. बँकेने फाइल तशीच परत पाठवली. पावती आधी नावावर करून घ्या, मालकाचं ना-हरकत पत्र घ्या, मग अर्ज. उलट्या क्रमाने केलं तर माझ्यासारखे पाच महिने जातात.

कोटेशनवरही फाइल अडते. मी आणलं त्यावर नुसतं 'मसाला मशीन' लिहिलेलं. मॉडेल, एचपी, जीएसटी नंबर, तुमचं नाव उद्यमवर आहे तसंच, सगळं हवं. पैसे बँक थेट मशीनवाल्याला देते, रोखीत घेतलेलं मशीन नंतर दाखवता येत नाही. सिबिल, म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद, आधीच काढून बघा, वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. दिराच्या बाइकला मी जामीन होते, त्याचे दोन चुकलेले हप्ते माझ्या नावापुढे निघाले!

बचत गट असेल तर वेगळी वाट आहे. याच योजनेत खाद्यपदार्थ करणाऱ्या गटातल्या प्रत्येक बाईमागे ४०,००० पर्यंत बीजभांडवल मिळतं, खेळतं भांडवल आणि बारीक अवजारांसाठी. दहा जणी असाल तर ४ लाख. आमच्या चाळीतल्या चकलीवाल्यांनी सोऱ्या आणि भांडी त्यातच घेतली.

गावाकडे शेतकरी कंपनी, गोदाम, प्रतवारी असं मोठं काही करणारे भाऊबंद असतील, तर त्यांना कृषी पायाभूत सुविधा निधी सांगा. २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत, सात वर्षांपर्यंत. आणि ती दुसऱ्या अनुदानासोबतही घेता येते. कांदाचाळीला निम्म्या खर्चाचं अनुदान असतं, ते तालुका कृषी कार्यालयात विचारावं. माझा मावसभाऊ जुन्नरहून कांदा आणतो, त्याने दोन्ही घेतलं. तो मला आता पावसाळ्यातही एका भावात माल देतो, म्हणून हे इथे लिहिलं.

आणि मशीनची ऑर्डर देण्याआधी वीज बघा. डंकनला थ्री-फेज लागते, आमचं कनेक्शन सिंगल. बेस्टमध्ये लोड वाढवायचा अर्ज मी मशीन आल्यावर केला, महापालिकेच्या परवान्याचंही तेव्हाच सुचलं. २६ दिवस डंकन प्लास्टिकमध्ये गुंडाळून पॅसेजमध्ये उभं होतं. शेजारच्या काकींनी त्यावर लोणच्याच्या बरण्या उन्हाला ठेवायला सुरुवात केली होती आणि शेवटी मीटर लागलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आता बरण्या कुठे ठेवू गं?"